गव्हाणीतली गोळी

बाबा,

तुम्ही चांदूर रेल्वेच्या गुरांच्या दवाखान्यात जन्मभर जे केलंत, तेच मी आता अकोल्याच्या प्रयोगशाळेत करते. फक्त माझी जनावरं डोळ्यांना दिसत नाहीत. उंदराच्या जिवंत पेशींच्या आत प्रथिन पोचवायचं, तेही धडधाकट, आत जाऊन काम करील असं. आधी विजेचा झटका देऊन पेशींना भोकं पाडली. प्रथिन आत गेलं, पेशी मेल्या. मग आमचे सर म्हणाले, चरबीच्या बारीक थेंबात गुंडाळून द्या, पेशी आपणहून गिळेल. मला आपली म्हैसच आठवली.

गावभरच्या ढोरांना तुम्ही बांबूच्या नळीनं औषध पाजायचात, पण स्वतःच्या म्हशीवर तुमच्यानं जबरदस्ती होत नसे. तिची जंताची गोळी तुम्ही गूळ लावलेल्या भाकरीत लपवायचात. एकदा घाईत ती भाकर माझ्या हाती देऊन दवाखान्यात गेलात. संध्याकाळी विचारलंत, "गेली का वं गोळी पोटात?" मी म्हटलं, "हो बाबा, चाटूनपुसून खाल्ली." पंधरा दिवस झाले तरी म्हैस खंगलेलीच. तुम्ही औषधवाल्याला भर बाजारात धरलंत, "काहून रे, नकली माल विकून राह्यला का?" तो बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता, "नाही जी, माल असली हाय!" मी तुमच्या मागे उभी होते. शेवटी दुसरी गोळी कुटून नळीनं पाजलीत, म्हैस सुधारली, पण आठवडाभर तुमच्याशी फटकून वागली. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "आत गेलं म्हंजे अंगाले लागलं, असं नसते पोरी."

परवा सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत हिरवे ठिपके दिसले. आमचं प्रथिन हिरवं चमकतं. मी अक्षरशः नाचले, जठारपेठेतून पेढे आणून वाटले. सरांनी त्याचा फोटो मोबाइलवर पाहिला, तिथे लहान पडद्यावर सगळंच हिरवं दिसतं, आणि प्रकल्पाच्या मुदतवाढीच्या अर्जात लावून टाकला. मुदतवाढ मिळाली नाही तर माझी नोकरी जाते. आज उरलेला पेढा खाताना फोटो मोठा करून बघितला आणि अर्धा पेढा परत खोक्यात ठेवला. प्रथिन आत मोकळं झालं असतं तर अख्खी पेशी सारखी उजळली असती. ठिपके म्हणजे पेशीनं थेंब गिळले, पण आतल्या पिशव्यांमध्ये कोंडून ठेवले. आता तिथेच ती ते पचवून टाकणार. आपल्या म्हशीपेक्षा बेरकी निघाली.

अर्ज उद्या जातोय. गप्प बसले तर इतक्यात कुणाला कळणार नाही, आणि नेमकी त्याचीच भीती वाटते. सर त्यांच्या खोलीत आहेत. त्यांना सांगायला जातेच आहे, पण आधी तुम्हाला सांगते. तुम्ही गेल्यावर तुमचा पत्ताच उरला नाही, त्यामुळे हे पत्र काही कुठल्या पेटीत पडायचं नाही, वहीतच राहील.

गोळी गव्हाणीत पडलेली मी त्या दिवशी पाहिली होती, बाबा. मला खेळायला जायचं होतं. तिच्यावर कडबा मीच सारला.