सुरमा लँटर्नचा पाथिया, घरच्या घरी

३ जानेवारी, शुक्रवार
सुरमा लँटर्न. खिडकीजवळचं आमचं टेबल. मी आणि लोरेन. दोन कोळंबी पाथिया, एक पिलाव, एक नान. सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी हेच. ऑर्डर मीच देतो, लोरेनला मेन्यू उघडायचीसुद्धा तसदी घ्यावी लागत नाही.

आज फयझुलला पाथियाची रेसिपी विचारली. रिटायर झालोय, वेळ आहे, आणि अख्ख्या अ‍ॅक्रिंग्टन गावात अशा गोड-आंबट करीची पारख माझ्याइतकी कुणाला नाही. फयझुल रेस्टॉरंटचा मालक आहे, शिवाय मित्र आहे असं मी समजत होतो. तो लगेच म्हणाला, "त्यात काय लपवायचं, बॉस? कांद्याची ग्रेव्ही, टोमॅटो केचप, बाटलीतली आंब्याची चटणी, वरून लिंबू. झालं."

केचप! सत्तावीस वर्षांची ओळख, आणि माणूस तोंडावर थाप मारतो. खरी रेसिपी कोण असा उभ्या उभ्या देईल? घरी येताना लोरेन म्हणाली, "अरे, त्याने सांगितलं ना?" तिला माणसं कळत नाहीत.

ठराव: सुरमा लँटर्नला कायमचा राम राम. पाथिया घरी.

४ जानेवारी, शनिवार
मी एकतीस वर्षं बसगाड्यांचं टाइमटेबल बनवलं. करी म्हणजे तरी काय? कांदा किती वाजता सुटतो आणि टोमॅटो त्याला कुठे गाठतो, एवढंच. भिंतीवर तक्ता लावला. ८ मार्चला लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी आठ पाहुण्यांना घरचा पाथिया. नऊ शुक्रवार हातात आहेत. भरपूर झाले.

१० जानेवारी, शुक्रवार
पाथिया क्र. १. सहा किलो कांदा. बेस ग्रेव्ही उत्तम. रंग जरा राखाडी. चिंच स्वतः कोळली, कारण मी केचपवाला नाही.

आंबट झाला. साखर घातली, गोड झाला. चिंच घातली, आंबट झाला. पातेलं भरलं. दुसरं पातेलं काढलं.

लोरेन म्हणाली, "वेगळाच आहे." स्तुतीच आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार
क्र. २. कोळंबीने दगा दिला. नाणेफेकीतल्या नाण्याएवढी आकसली. दुकानदाराने जुनी दिली असणार. मी फक्त चाळीस मिनिटं शिजवली होती.

पडद्यांना कांद्याचा वास येतो, असं लोरेनचं म्हणणं. मला येत नाही. मला दोन दिवस कसलाच वास येत नाहीये.

२२ जानेवारी, बुधवार
बोल्स क्लबमधल्या नेव्हिलला क्र. २चा डबा दिला होता. आज डबा दारात. वर चिठ्ठी: 'अप्रतिम! पॉलीनलाही फार आवडला!' आत पाथिया होता तेवढाच.

नवरा-बायकोने एकमेकांना विचारायचं तरी. त्याने न उघडताच चिठ्ठी लिहिली, आणि तिला वाटलं त्याने खाऊन डबा धुतला, म्हणून तिने तो तसाच परत आणून ठेवला. वीस वर्षं मी या माणसाबरोबर जोडीने हिरवळीवर बोल्सचे गोळे घरंगळवतोय.

३१ जानेवारी, शुक्रवार
क्र. ४. धुराचा अलार्म वाजला. हा अलार्म माझ्याविरुद्ध आहे. टोस्ट जळला तर गप्प बसतो.

लोरेनने सांगितलं की तिने चर्चच्या गायनवर्गात नाव घातलंय. दर शुक्रवारी संध्याकाळी, साडेसहा ते आठ. म्हटलं, शुक्रवारीच कसा? म्हणाली, "त्यांच्याकडे शुक्रवारीच असतो." एक प्रकारे बरंच आहे. चाखणारं कुणी शेजारी उभं असलं की माझा हात बिघडतो.

तिला गाता येत नाही. पण छंद हवा माणसाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
क्र. ६. अननस घातला. नको होता. लोरेनच्या कपाळावर कुंकू असतं तर ती देवळात चाललीय म्हटलं असतं, इतकी ती हल्ली नटून निघते. (हे सुरमा लँटर्नमधल्या कॅलेंडरवरच्या बाईवरून सुचलं.) नवी लिपस्टिक. गाण्याला लिपस्टिक लागते का, विचारलं. म्हणाली, "ओठांनीच गातात ना?" बिनतोड.

घरी परतली ती गुणगुणत. भूक नाही म्हणाली. माझा पाथिया मी एकट्याने खाल्ला, तोही अर्धाच. उरलेला नेव्हिलला देणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
क्र. ७. जवळजवळ जमला. फक्त चव, रंग आणि दाटपणा राहिलाय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
क्र. ८. यावर काही लिहीत नाही.

६ मार्च, गुरुवार
परवा पार्टी. शांतपणे विचार केला. मोठमोठे लोकसुद्धा आधार म्हणून दुसऱ्याचं काम समोर ठेवतात. उद्या सुरमा लँटर्नच्या मागच्या दाराने जायचं, पाथियाचे आठ डबे आणायचे आणि माझ्या पातेल्यात ओतायचे. कोथिंबीर माझी. म्हणजे पाथिया माझाच, थोडा त्यांचा हात लागलेला. ही फसवणूक नाही. लोरेनला सांगायची गरज नाही, ती गाण्याला गेलेली असेल.

७ मार्च, शुक्रवार, दुपार
टोपी घालून जाणार. ओळखू नये म्हणून.

७ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात
घरी येऊन लगेच लिहितोय.

पावणेसातला मागच्या दारावर टकटक केली. फयझुलनेच उघडलं. "अरे बॉस! दोन महिन्यांनी! टोपी छान आहे." डब्यांचं सांगितलं. त्याच्या मागे त्यांचा स्वयंपाकी केचपचा भलामोठा डबा पातेल्यात रिकामा करत होता. चिप्ससाठी असणार.

मग फयझुल म्हणाला, "पण मागून कशाला आलात? मॅडम आत बसल्यात की."

कोण मॅडम, म्हटलं.

"तुमच्या. दर शुक्रवारी येतात. आम्हाला वाटलं तुमची तब्येत बरी नाही."

पडद्याच्या फटीतून पाहिलं. खिडकीजवळचं आमचं टेबल. लोरेन. नवी लिपस्टिक. समोर उघडं मासिक, एक ग्लास वाइन, आणि ताटात पाथिया नव्हता. ऑम्लेट आणि चिप्स. मेन्यूच्या शेवटच्या पानावर, ज्यांना करी सोसत नाही अशा बिचाऱ्यांसाठी असतं ते.

मी समोर जाऊन उभा राहिलो. गायनवर्ग, म्हणालो.

ती दचकली, पण काटा खाली ठेवला नाही. "पहिल्या आठवड्याला गेले होते," म्हणाली. "त्यांनीच नको म्हटलं." मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते. "आणि तू टोपी घालून कुठे?"

पिशवी हा वेगळा विषय आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. प्रश्न विश्वासाचा आहे. आणि ऑम्लेट का?

"मला पाथिया आवडत नाही, माल्कम."

कधीपासून, विचारलं.

"पहिल्यापासून. घशाशी येतो. तू मेन्यू हातात घेऊन दोन पाथिया म्हणून मोकळा व्हायचास. मी म्हटलं, जाऊ दे, रश्श्यातली कोळंबी उचलून नानबरोबर खाते. मला इथे बसायला आवडायचं रे. कुणीतरी ताट आणून देतं, कुणीतरी उचलून नेतं. बाहेर माणसं जाताना दिसतात. आठवडाभर मी या एका तासाची वाट बघायचे. तू तो बंद केलास. मला विचारलंही नाहीस, आणि वर घरभर कांदा."

सत्तावीस वर्षं. नानचं गुपित तर मला कधी कळलंच नाही. मी आपला शेवटचा तुकडा तिच्यासाठी मोठ्या मनाने सोडत आलो.

फयझुल मध्ये येऊन म्हणाला, "बॉस, डबे आठच ना?" हो म्हणालो. विश्वासघात झाला म्हणून पाहुणे उपाशी ठेवता येत नाहीत.

८ मार्च, शनिवार
पार्टी झाली. सगळ्यांनी दोनदा घेतलं. नेव्हिल म्हणाला, "माल्कम, हा मात्र खरंच सुंदर आहे." त्यातल्या 'मात्र'चा आणि 'खरंच'चा मी हिशेब ठेवला आहे.

पॉलीनने विचारलं, आंबटपणा कशाने आणलास? मी लोरेनकडे पाहिलं. ती स्वतःसाठी भाजलेला बटाटा खात होती. ती म्हणाली, "दोन महिने घाम गाळलाय त्याने. असं लगेच कुणी सांगतं का?"

ती मला वाचवत होती की चिमटा काढत होती, कळलं नाही. पाहुणे गेल्यावर विचारणार होतो. पण ती भांडी घासत होती आणि मी पुसत होतो, आणि विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

९ मार्च, रविवार
बोलणी झाली. म्हणजे ती बोलली. शुक्रवारी ती एकटीच जाणार. म्हणाली, "रागाने नाही म्हणत. मला आता एकटीने बसायची सवय झालीय, बरं वाटतं. महिनाभराने बघू. तुला पाथिया खायचाच असेल तर तू मंगळवारी जात जा."

म्हणजे चाळीस वर्षांच्या संसारात मला मंगळवार मिळाला. मी ताठ मानेने मान्य केलं. मंगळवारी गर्दी कमी असते, सेवा चांगली मिळते. खरं तर फायदा माझाच.

१४ मार्च, शुक्रवार
ती साडेसहाला गेली. मी क्र. ९ करणार होतो. एक कांदा सोलला. मग ठेवून दिला.

१८ मार्च, मंगळवार
इस्त्रीचा शर्ट. पाऊस होता, तरी चालत गेलो. एकच पाथिया सांगायचा, खिडकीत बसायचं आणि फयझुलशी बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.

दारावर पाटी: 'मंगळवारी बंद'. अक्षरं उन्हाने पिवळी पडलेली, म्हणजे पाटी वर्षानुवर्षांची असणार. शुक्रवारच्या माणसाला ती कशी दिसावी? काचेला नाक लावून पाहिलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या. बस थांब्यावर तासभर बसलो. ११२ नंबर दोनदा गेली, दोन्ही वेळा सात मिनिटं उशिरा.

घरी आलो तर लोरेन टीव्ही बघत होती. म्हणाली, "झालं जेवण? कसा होता?"

पूर्वीसारखा राहिला नाही, म्हटलं.

"कुठे बसलास?"

आपल्याच टेबलावर, म्हटलं. खूप गर्दी होती.

ती हसली नाही. त्या अर्थी मंगळवारचं तिला माहीत नसावं. "बरं," एवढंच म्हणाली. माझा ओला कोट काढून खुर्चीवर पसरला, आत गेली आणि न विचारता टोस्ट भाजून आणले, वर चीज.

पोट भरलेलं असल्यामुळे एकच खाणार होतो. चार खाल्ले.