भुजंगप्रयातात न बसलेला नियम

व्याहीबुवांच्या सेवेशी सप्रेम नमस्कार.

चाळीस पोरांनी एका सुरात म्हटलेली कविता आणि टेबलावर ताल धरणारी गुरुजींची लाकडी पट्टी. साठ वर्षांपूर्वीचा हा आवाज परवा पुन्हा कानात वाजला आणि घात झाला. (आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला थांबला असेलच. आम्ही मजेत आहोत. मी अपराधी आहे, पण मजेत.)

आपली लेक, म्हणजे आमची सूनबाई, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बढतीची परीक्षा देते आहे. धडा कड्याच्या संयुगांचा. सहा कार्बन हात धरून गोल उभे, कुणाच्या खांद्यावर क्लोर, कुणाच्या नायट्रो. कुणाला कितवा आकडा ते ठरले की संयुगाचे नाव ठरले. तिच्या ध्यानात राहीना. मी म्हटले, "अगं, गद्य विसरतं, पद्य राहतं!" आणि भुजंगप्रयातात लिहून दिले:

जिथे क्लोर लागे तिथे एक आला,
घड्याळाप्रमाणे पुढे मोज बाळा!

(पुस्तकात 'ज्या बाजूने आकडे लहान पडतील त्या बाजूने मोजा' असे होते. ते वृत्तात काही केल्या बसेना, म्हणून सोडून दिले.)

सराव परीक्षेत क्लोरच्या डाव्या हाताला खेटून उभा असलेला नायट्रो, ज्याला दोन मिळायचे, तो माझ्या कवितेमागे अख्खे रिंगण फिरून सहावर पोचला. तिच्याकडून चाल शिकलेल्या चौघीजणींचाही सहावरच. घरी येऊन पर्स टाकत ती म्हणाली, "बाबा, सोमवारी खरा पेपर आहे आणि तुमचा तो बाळा डोक्यातून जात नाहीये!" मग मलाच चहा करून दिला. अशी सून दिल्याबद्दल आपले किती आभार मानू?

आपला,
व्याही

ता. क. खरे काम असे : आपण तीस वर्षे रसायन शिकवलेत. बरोबर नियम त्याच वृत्तात, दोन ओळींत, उलट टपाली पाठवा. अक्षर बदलून, म्हणजे आपल्या लेकीला ओळखू येणार नाही. ("नानांना बोलू नका हं, ते फार रागावतात," असे तिने आपल्याविषयी बजावले आहे, म्हणून बोलत नाही, लिहितो.)

आणखी एक ता. क. दार वाजले. पेपरवाला समजून उठलो, तर उंबऱ्यात आपणच! धीर करून तिनेच सकाळी फोन केला म्हणे. चपला काढायच्या आधीच आपण गरजलात, "नायट्रो सहावर कुणी नेला?" तिने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. म्हणाली, "माझंच चुकलं, नाना." तेव्हा हे पत्र टपालात न टाकता आपल्या हातीच देतो. रागवा, पण इकडे बघून.