भिंतीबाहेरचं मूल

४ डिसेंबर १९८८, रविवार. देवपूर, धुळे

आठ दिवस झाले, सून मार्था धड जेवत नाही. छातीला फडकं घट्ट बांधून दिलंय, तरी दूध थांबत नाही. पोरगा दीड तास जगला. रिक्षा येईस्तोवर बाळंतपण घरातच झालं, मीच केलं. वीस वर्षं दाईचं काम केलं नि घरचंच मूल हातात गेलं!

बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून पंचांनी कबरस्तानात जागा दिली नाही. भिंतीबाहेर बाभळीखाली पुरला. ना प्रार्थना, ना मंडळीच्या वहीत नाव. मार्था एकच म्हणते — आई, चर्चच्या पाळकांना तिथं प्रार्थना करू द्या, त्याचं नाव लिहू द्या. बाकी मला काही नको.

५ डिसेंबर

आजही ताट तसंच.

७ डिसेंबर

संध्याकाळी पवित्र शास्त्राचा वर्ग. जीवराम मास्तर बोलत होते, पंचांत त्यांचाच शब्द चालतो. म्हणे, देव इतका पवित्र की पाप त्याच्यापुढं उभं राहत नाही, आणि माणूस आईच्या पोटातच पापी.

रुपचंद पाळक हळूच म्हणाले — मग प्रभू नऊ महिने कुणाच्या पोटात होता, मास्तर?

"ती गोष्ट वेगळी. देवानं मरियेला आधी शुद्ध केलं."

"कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? पवित्र देव घाणीत येईल का?"

घाण! मला राहवलं नाही. उठले. म्हटलं, मास्तर, मरियेची वार पडली असेल का नाही? नाळ कुणी तरी कापली असेल ना? धुऊन जन्मलेलं मूल मी तरी अजून पाहिलं नाही!

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मागून झुंबरबाई — "बठ्ठं तुलेच माहीत शे, अक्का!" सगळं म्हणे मलाच माहीत.

मास्तर तापले. "चौथी शिकलेली बाई आम्हाला शास्त्र शिकवणार?"

"शास्त्र नाही, बाळंतपण शिकवते."

वाटेत पंडित, माझा मुलगा, म्हणाला, आई, तू जिंकलीस. माझं पोरगं मात्र बाहेरच.

खरंय. तोंड चालवून काय मिळालं?

११ डिसेंबर, रविवार

पंच बसले. नाही म्हणाले. मास्तर बाहेर आले, मी वाटेतच उभी. चांगलं सुनावणार होते. तेच म्हणाले — "बाई, मला काय आनंद होतो? माझी एक मुलगी तशीच त्या भिंतीबाहेर आहे. चाळीस वर्षं झाली. तुमचा आत घेतला तर तिच्या आईला मी काय सांगू?"

तशीच घरी आले.

१५ डिसेंबर

मार्थाचं दूध थांबलं. आज खूप रडली.

२१ डिसेंबर

रुपचंद पाळक घरी आले. पंडित कामावर, मार्था आत झोपलेली. म्हणाले, बाई, मूल जातंय असं दिसलं तर दाईनं पाणी घालून पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावं घेतली तरी तो बाप्तिस्माच. तुम्ही घेतली होती का? पंचांनाही हे मान्य करावं लागेल.

माझ्याकडे बघतच राहिले. म्हटलं, उद्या सांगते.

२४ डिसेंबर

नावं घेतली होती, असं पाळकांना सांगितलं. आज बाभळीखाली प्रार्थना झाली. वहीत नाव लागलं — शमुवेल. मास्तर सगळ्यांच्या मागे उभे होते. मार्था दुपारी दोन भाकरी जेवली.

पाणी मारलं होतं, पण श्वास यावा म्हणून. नावं नव्हती घेतली. "रड रे मेल्या, रड!" एवढंच तोंडातून निघालं होतं.

उद्या नाताळ. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे उठतील. हे खोटं तोंडात ठेवून मी उठणार नाही.