बुरूज असलेलं मिशन

बाबा,

आज कामावर तुमची आठवण आली आणि तिच्यासोबत थोडा रागही आला, कारण जे सांगायचं होतं ते ऐकायला तुम्ही नाही. मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊकच नाही. कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या मिशनमध्ये मी लोकांना हिंडवून माहिती सांगते. तेच मिशन, ज्याचं मॉडेल मला चौथीत करायला दिलं होतं. तेव्हा इथे चौथीतल्या मुलांना एकेक मिशन वाटून द्यायचे आणि घरोघरचे आईबाप कामाला लागायचे. स्पॅनिश पाद्र्यांनी बांधलेलं चर्च, त्याभोवती कोठारं, गुरांचे गोठे, आणि बाप्तिस्मा देऊन आणलेल्या मूळ लोकांच्या खोल्या, एवढं सगळं खोक्याच्या पुठ्ठ्यावर उभं करायचं. भिंती साखरेच्या क्यूब्जच्या आणि छपरावर कौलं म्हणून लझान्या पास्त्याच्या रुंद पट्ट्या, अशी रीतच होती.

तुम्हाला ते पटलं नाही. "मातीचं घर साखरेचं कशाला करायचं?" असं म्हणत तुम्ही शनिवारी सकाळी गॅरेजमधून गाडी बाहेर काढलीत. दिवाळी पुढच्याच आठवड्यात होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, शाळेचं आहे ते, किल्ल्याचं नाही." तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकदमच करू. जागा एकच आहे." मी पायरीवर बसून कुरकुरत होते, "बाबा, एव्हरीबडी इज युझिंग शुगर क्यूब्स." तुम्ही ऐकलंच नाही. परसातली माती चाळलीत, तिच्यात वाळलेलं गवत कुस्करून घातलंत, आणि मग मलाही कोपरापर्यंत हात बुडवायला लावलेत. अजूनही पहिला पाऊस झाला, की आम्ही मिशनच्या भिंतींना मातीचा लेप देतो. त्या ओल्या गवताच्या वासानं मी थेट त्या गॅरेजमध्ये जाऊन बसते.

मिशन झकास झालं होतं. फक्त ते मिशन नव्हतं. चारी कोपऱ्यांना बुरूज होते, पुढे एक वळणाचा दरवाजा होता, उतारावर हळीव पेरलेला होता, आणि पुण्याहून आणलेले मावळे भाले घेऊन तटावर उभे होते. पाद्री हवाच, असं मी रडून सांगितल्यावर तुम्ही किल्ल्यावरच्या वाण्याला तुमच्या जुन्या तपकिरी मोज्याचा झगा शिवलात आणि त्याला मावळ्यांच्या मधोमध उभा केलात. त्याचा तराजू झग्यातून बाहेर डोकावत होता. तो तुम्ही कापूनही टाकला नाहीत.

शाळेत ते दोघांनी धरून न्यावं लागलं, एवढं जड. बाई चांगल्या होत्या, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्यांनी हळिवाचं कौतुक केलं. मग हसून म्हणाल्या, की हा तर किल्ला आहे, मिशनमध्ये लोक शांतपणे प्रार्थना आणि शेती करायचे. तुम्ही तुमच्या त्या जपून बोलायच्या इंग्रजीत विचारलंत, "एवढं धान्य, एवढी गुरं, मग राखण कोण करायचं?" बाई पुन्हा हसल्या. आजूबाजूला साखरेची पांढरीशुभ्र मिशनं मांडलेली होती आणि त्यांच्यामागे उभे असलेले आईबाप आपल्याकडे बघत होते. तुम्ही मान डोलावलीत. परतताना गाडीत, सिग्नलला थांबल्यावर, म्हणालात, "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं." त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रोजेक्टसाठी तुम्ही दुकानातून तयार किट आणत राहिलात. पुढच्या दिवाळीला गॅरेजमधून गाडी बाहेर निघाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईनं एकदा विषय काढला, तर म्हणालात, "आता ती मोठी झाली." मी तेव्हा दहा वर्षांची होते, बाबा. एवढीही मोठी नव्हते.

आता आजचं सांगते. आम्ही एक नवी फेरी सुरू केली आहे, मेक्सिकोच्या अमलातल्या वर्षांबद्दल. स्पेनचं राज्य गेलं आणि हा सगळा मुलूख मेक्सिकोकडे आला, तेव्हा इथे नुसता गोंधळ होता. शिपायांना पगार नाही, म्हणून त्यांचं खाणंपिणं मिशनच्या गळ्यात. पाद्री स्पेनचे, म्हणून त्यांच्यावर नव्या सरकारचा विश्वास नाही. आणि या सगळ्यांचं ओझं ज्यांच्या पाठीवर, ते मूळ लोक कोणाच्या हिशेबातच नाहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई त्याच लोकांच्या वंशातल्या आहेत. फेरीची तयारी करताना त्या मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंत जुनी नाही, पडझडीनंतर पुन्हा बांधलेली आहे, पण जागा तीच. तिथे हात ठेवून त्या म्हणाल्या, "इथे आमच्या लोकांनी बंदुकांसाठी भोकं पाडली होती." शेजारच्या मिशनमध्ये शिपायांनी एका तरुणाला चाबकानं फोडून काढलं आणि माणसं उठली. त्यांनी हे मिशन ताब्यात घेतलं, तटबंदी केली, चर्चच्या सणांना उडवायच्या लहान तोफा आणून लावल्या, आणि सरकारी फौज येईपर्यंत धरून ठेवलं. पाद्री पळाला नाही, त्यांच्यातच राहिला. शेवटी फौजेच्या तोफांपुढे टिकाव लागला नाही. काहींना गोळ्या घातल्या गेल्या. "किल्ला होता हा आमचा," त्या म्हणाल्या, "थोडे दिवस का होईना."

डोळ्यांपुढे तुमचा मोज्यातला पाद्री उभा राहिला, भालेवाल्यांच्या मधोमध. तुम्हाला यातलं काहीएक माहीत नव्हतं, हे मी जाणून आहे. तुम्ही सरळ दिवाळीचा किल्ला केला होतात आणि शाळेच्या गृहपाठात तो चुकीचाच होता. पण बाबा, मिशन म्हणजे किल्ला नव्हे, हे ऐकून तुम्ही मातीत हात घालायचे थांबलात, आणि ते मिशन एकदा खरोखर किल्ला झालं होतं. एवढंच सांगायचं होतं. हे तुम्हाला त्या सिग्नलपाशीच कळलं असतं, तर पुढच्या दिवाळीला गाडी बाहेर निघाली असती. मला ती सगळी वर्षं परत हवी आहेत.

हे पत्र कुठे जाणार नाही. तो मोज्यातला पाद्री मी ज्या डब्यात जपून ठेवलाय, त्यात ते घडी करून ठेवणार आहे. झगा विरलाय, तराजू शाबूत आहे. फक्त एक कबूल करायचं राहिलं. आज पहिल्या फेरीत त्या भिंतीपाशी मी लोकांना सांगितलं, की माझ्या वडिलांनी या मिशनचं मॉडेल केलं, तेव्हा त्याला बुरूज आणि पहारेकरी दाखवले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचे वडील इतिहासाचे अभ्यासक होते का?"

मी हो म्हणाले.