भिंतीपलीकडचं कमिशन

७ जुलै, सोमवार

लावली एकदाची लिलावाला! यांची घुंगुरमाळ आता इंटरनेटवर टांगली आहे. सात दिवस. जगातला कोणीही बोली लावू शकतो म्हणे.

फोटो प्रेरणानं काढले. तोंड पाडून काढले, पण काढले. मजकूर मी सांगितला — बैलगाड्याच्या मिरवणुकीतली जुनी पितळी माळ, एकही घुंगरू फुटलेलं नाही. "पप्पांचं नाव घालू?" म्हणाली. नको म्हटलं. नावाला कोण भाव देतो?

तळेगावला तिचं नर्सिंगचं ॲडमिशन आहे. फी पंचवीस तारखेच्या आत भरायची, नाहीतर जागा गेली. यांना जाऊन दोन वर्षं झाली. बैल गेले, गाडा गेला, ही माळ तेवढी राहिली. शर्यती बंद होत्या तेव्हाही हे दर पाडव्याला ती चिंचेनं घासून ठेवायचे. मागच्या रविवारी लोहगडवाडीला माझ्या टपरीवर भजी खायला आलेला एक जण माझ्या मोबाइलमधला माळेचा जुना फोटो बघून म्हणाला, "काकू, अशा वस्तूंना ऑनलाइन लिलावात सोन्याचा भाव येतो." भज्यांचे मात्र दहा रुपये कमी करून घेतले त्यानं.

८ जुलै

"माल मांडणे फुकट" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. फुकट ते पौष्टिक म्हणतात, हे पोट बिघडवणारं निघालं. अमुक किमतीच्या खाली विकायचं नाही अशी अट घातली, तर तिचे वेगळे पैसे. ते आधीच कापले, परत मिळत नाहीत. विकली गेली की बारा टक्के कमिशन. कमिशनवर जीएसटी. पैसे बँकेत पाठवायचे ते निराळे. आणि कमिशन नुसत्या मालावर नाही — टपालभाडं धरून! टपालवाल्याला द्यायच्या पैशावर यांचा कसला हक्क?

गौरव भावजी, यांचे धाकटे भाऊ, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. प्लॉटची दलाली करतात. दोन्हीकडून घेतात, पण निदान चहा तरी पाजतात.

९ जुलै

एकही बोली नाही.

११ जुलै, शुक्रवार

दोघं लागलेत! साइट नावं दाखवत नाही, नावाच्या जागी नुसत्या चांदण्या. एकानं वाढवलं की तासाभरात दुसरा वाढवतो. त्यातल्या एकाला मी कोथरूडकर नाव ठेवलंय. बंगला असणार त्याचा. हॉलमध्ये कंदील, जात्यावर काच ठेवून केलेलं टेबल, आणि वर आमची माळ. टांगू दे मेल्याला. पोरीची फी भरू दे.

प्रेरणा म्हणाली, "आई, नको ना विकूया. फीचं बघू काहीतरी." मी फाडकन बोलले — बघू म्हणून फी भरता येते का? शनिवार-रविवार लोणावळ्याला चिक्कीचे डबे भरतेस, तो पगारही मालकाकडंच ठेवतेस, त्यात कॉलेज होतं होय? ती उठून गेली. माझी जीभ ही अशी. पण चुकीचं काय बोलले?

१३ जुलै, रविवार

टपरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मोबाइल बघता बघता दोन कणसं करपली. भाव कुठच्या कुठं गेलाय! कोथरूडकर ऐकत नाही आणि दुसराही ऐकत नाही.

१४ जुलै, सोमवार

संपला लिलाव. कोथरूडकर शेवटी मागं हटला, दुसरा जिंकला. फी भरून वर उरतील एवढे. प्रेरणाला सांगायला गेले तर परसात भांडी घासत बसली होती. मान वर केली नाही. आनंद करायलासुद्धा या घरात माणूस मिळत नाही.

साइटनं कमिशन मिनिटभरात माझ्या खात्यातून कापलं. माळेचे पैसे अजून आलेच नाहीत, आणि साइटचा वाटा गेलासुद्धा!

१५ जुलै

जिंकणाऱ्याचा पत्ता आला. मुक्काम भाजे, म्हणजे आमचंच गाव. गौरव भावजी!

भिंतीपलीकडं पाठवायचं टपालभाडं, आणि त्यावरही बारा टक्के.

तशीच गेले. भावजी ओट्यावर पान लावत बसले होते. "घरची वस्तू भायेर जाऊ दिली न्हाई वहिनी. कोन तरी लय जोर करत हुता, पन म्या सोडलं न्हाई." पैसे कुठं आहेत म्हटलं. "देतो की पुढल्या जत्रंला. बोली बोलली की पैसं पुढल्या जत्रंला, रीतच हाय आपली."

आमच्या जत्रेत देवाच्या नारळाचा लिलाव होतो. ज्याची बोली मोठी त्याचं नाव भोंग्यावर, आणि पैसे वर्षानं. देव थांबतो. भावजींना वाटलं साइटही थांबेल. कमिशन कापलंय म्हटल्यावर म्हणाले, "माघारी मागा. सौदा मोडल्यावर आमी बी न्हाई घेत."

१६ जुलै

कमिशन परत मिळतं. पण चार दिवस थांबायचं, आणि मग लिहून द्यायचं की खरेदीदारानं पैसे बुडवले. म्हणजे त्याचं खातं बंद. सख्ख्या दिराला बुडवा म्हणून लिहून द्यायचं! मनातल्या मनात शंभरदा म्हटलंय. लिहायचं म्हटलं की बोट अडतं.

यांच्या दहाव्याला सगळी धावपळ भावजींनीच केली, हे खरं. पोरीच्या फीचं विचारलं तेव्हा मात्र आढ्याकडं बघत बसले, हेही खरं.

२० जुलै, रविवार

दिलं लिहून. त्यांना मेसेज गेला असणार, कारण दिवेलागणीलाच भिंतीपलीकडून आवाज आला — "वहिनीनं मला बुडवा लिवला! भावकीत त्वांड दावायची सोय न्हाई ठेवली." मी टीव्ही मोठा केला. घरची वस्तू राखली म्हणे. स्वतःचा छदाम न घालता, माझ्या जिवावर! हातातलं गिऱ्हाईक घालवलं ते घालवलंच.

कमिशन परत आलं. अटीचे पैसे नाहीच.

२१ जुलै

साइटवर एक सोय सापडली. पहिल्यानं पैसे नाही दिले, तर दुसऱ्या नंबरच्या माणसाला त्याच्या बोलीएवढ्या किमतीत वस्तू देऊ करता येते. याचे वेगळे पैसे नाहीत — तीनदा वाचून खात्री केली.

प्रेरणाला म्हटलं, कोथरूडकराला विचारते. म्हणाली, "नको आई. त्याच्याकडं एवढे पैसे नसतील." बंगलेवाल्याकडं पैसे नसतील! पुष्कळ दिवसांनी हसले मी.

२२ जुलै, मंगळवार

स्वयंपाकघरात बसूनच बटण दाबलं. कोथरूडकराला निरोप गेला.

पिठाच्या डब्यावर ठेवलेला प्रेरणाचा मोबाइल वाजला. तिचे हात भाकरीच्या पिठात होते, म्हणून मीच उचलला. वर लिहिलं होतं — "तुम्ही बोली लावलेली घुंगुरमाळ अजूनही तुमची होऊ शकते."