“मग बघू”मधले एकेचाळीस जण

२ जून

ती. मामीस,

सा. न. तुझा गुडघा कसा आहे? माझं डोकं काही ठिकाणावर नाही. विद्यापीठाचा सगळा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मामांपाशी येऊन अडलंय. परीक्षा विभागाचा जुना प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यात निकाल तीन प्रकारचे: पास, नापास आणि “मग बघू”. या तिसऱ्यात एकेचाळीस विद्यार्थी आहेत. सल्लागारांनी अर्थ शोधायला दोन समित्या नेमल्या. साठ पानांचा अहवाल आला, त्यात एवढंच की आधी “मग” येतं, नंतर “बघू”. वीस तारखेपर्यंत उलगडा झाला नाही, तर सॉफ्टवेअर सगळ्यांना नापास धरणार. मामा घरी कधी काही बोलले होते का?

माया आहेच, ती असू दे.

तुझी भाची

६ जून

चि. ठमे,

अ. आ. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. साठ पानं पाठवायचीस की, मी काहीही वाचते.

अगं, ती मुलं पासच आहेत. कुणाचा फोटो नाही, कुणाची सही राहिली, कुणाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. एवढ्यासाठी पोरांना नापास कसं करायचं, असं हे म्हणायचे. म्हणून तो रकाना. आठवड्याला दोघा-तिघांना फोन करून मोकळं करायचे. मग हेच गेले. दोन वर्षांत कुणी बघितलं नाही. फोन नंबरांची वही माझ्याकडे आहे.

मलाही घरात सगळ्याला हेच उत्तर मिळायचं. माझंही बरंच बघायचं राहिलंय, समितीला कळव.

जेवत जा वेळेवर.

मामी

९ जून

ती. मामीस,

सा. न. अर्थ समितीला पटला. पण बघणार कोण, ते भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. तुझं नाव भरलंय. तू आता विद्यापीठाची विषयतज्ज्ञ आहेस. वही घेऊन ये, रागव नंतर.

तुझी ठमी

१६ जून

चि. ठमे,

अ. आ. मी वही घेऊन आले ते दोन्ही दिवस तू मीटिंगमध्ये, म्हणून लिहिते. माझ्या गळ्यात बिल्ला घातला, सल्लागार मला मॅडम म्हणाला, चहा मात्र कुणी विचारला नाही. चाळीस जण मोकळे झाले.

राहिली एक मुलगी. तिच्या नावात एका कागदावर ल, दुसऱ्यावर ळ. फोन लावला. म्हणाली, शाळेचा दाखला मिळाल्यावर तिने साहेबांना कितीदा फोन केला, ते उचलेनात. तिला वाटलं, कंटाळले. मी सांगितलं, कंटाळले नव्हते गं, गेले. सल्लागार घड्याळ दाखवायला लागला, तेव्हा मी तिला विचारलं, दाखल्यावर काय आहे, बाई, ल का ळ? ळ म्हणाली. दाखल्याचा फोटोही पाठवला.

ळ केला. पास झाली.

लोभ आहे, तो वाढव.

मामी