आठवी पणती

साउथहॅम्प्टन,
जानेवारी २००७

ती. दादांच्या चरणी मधुमतीचा नमस्कार. (साष्टांगसुद्धा घालू शकते. माझी कंबर आता पूर्ण वाकते आणि मुख्य म्हणजे वाकल्यावर परत सरळही होते. ते कशामुळे, हे पुढे येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? नागपुरात सध्या कडाक्याची थंडी असणार. रात्री छातीला तेल लावता का? वहिनी गेल्यापासून लावत नसणार, हे मला इथे बसून कळतं. संजयला सांगायला लाजता कशाला, पोटचा मुलगा आहे, लावून देईल.

तुमचं पत्र पोचलं. ‘या वयात हे चिनी चाळे शोभत नाहीत, मार्चमध्ये निमूटपणे परत ये’ हे वाक्य दोनदा वाचलं. मग चहा केला आणि परत एकदा वाचलं. दादा, मी येणार नाही. तुम्ही फक्त सुश्रुतचं ऐकलंत. तो पडला तुमचा लाडका भाचा, त्यातून किडनीचा डॉक्टर, म्हणजे तो म्हणेल ते खरंच असणार. आता जरा त्याच्या आईचं ऐका.

इथे आल्यापासून माझा दिवस कसा जातो, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. सुश्रुत आणि ऋजुता सकाळी हॉस्पिटलला गेले की घरात मी आणि बॉयलर. (तो निदान मधूनमधून गुरगुरतो तरी.) मग मी लायब्ररीत जायला लागले, वाचायला म्हणून नव्हे, तिथला हीटर चांगला आहे म्हणून. तिथल्या भिंतीवर कागद दिसला, की चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी चीगाँगचा वर्ग भरतो. चीगाँग म्हणजे चीनमधल्या ताओ पंथाच्या लोकांचा व्यायाम आणि ध्यान, दोन्ही एकातच. सावकाश हलायचं, सावकाश श्वास घ्यायचा आणि ऋतू बघून वागायचं. पानगळीत फुप्फुसं जपायची, हिवाळ्यात किडन्या, वसंतात लिव्हर. यात चाळे कुठले आले? आपण नाही का संक्रांतीला तीळ आणि पाडव्याला कडुलिंब खात? त्यांनी एकेका ऋतूला एकेक अवयव नेमून दिलाय, एवढंच.

शिकवणारी हिलरी माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि लगेच ‘मधू’ म्हणायला लागली. दादा, आई गेल्यानंतर मला नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. शाळेत ‘बाई’, घरात ‘आई’, सोसायटीत ‘काकू’, आणि ह्यांनी तर जन्मभर ‘अगं’वर भागवलं. तुम्हीसुद्धा हल्ली पत्रावर ‘श्रीमती मधुमती’ लिहिता, जसं काही बँकेतून आलंय. तिथे सगळे जण एका सुरात ‘मॉर्निंग, मधू’ म्हणाले आणि मला रडूच फुटलं. (हिलरीला वाटलं, फुप्फुसं मोकळी झाली. मी वाटू दिलं.)

हिवाळ्यात त्यांचा सगळा भर सप्तर्षींवर. आकाशात जसे दिसतात तशा सात कागदी डिश जमिनीवर मांडायच्या आणि श्वासाबरोबर एकेक पाऊल टाकत त्यांवरून चालायचं. त्या साताचा हिशेबही मोठा छान आहे. प्रत्येक माणसाचा त्यांत एक स्वतःचा तारा असतो, तो जन्मसालावरून ठरतो, आणि त्याच्यापाशी आलं की घटकाभर थांबायचं. मी तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवलेली बाई. मी तिथेच विचारलं, अरुंधती कुठे आहे? लग्नात नवरानवरीला अंगणात नेऊन जी दाखवतात, ती वसिष्ठांच्या शेजारची बारीक चांदणी? सातही पुरुष ऐटीत मांडलेत आणि एवढी एक बाई गाळलीत? हिलरी म्हणाली, परंपरा सातांचीच आहे. मी म्हटलं, परंपरा आम्हालाही आहे, आणि आठवी डिश मांडली. भर वर्गात आमचं वाजलं. पण बाई मनानं सरळ. पुढच्या गुरुवारी पुस्तकं चाळून आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, मधूचं बरोबर आहे, जुने चिनी लोकसुद्धा त्या बारीक चांदणीला मोजायचे. तेव्हापासून अख्खा वर्ग आठ डिशवरून चालतो. हे सांगितलं का तुमच्या भाच्यानं? नसणारच.

आता तो शनिवार. सुश्रुतचे साहेब आणि त्यांची बायको जेवायला यायची होती. ऋजुता म्हणाली, ‘आई, तुम्ही जरा आत पडा.’ (म्हणजे दिसू नका. मीही सून होते, मला कळतं.) डिसेंबरात इथे दुपारच्या चहालाच अंधार होतो. मी म्हटलं, आत पडण्यापेक्षा बागेत जाऊ. दिवाळीच्या पणत्या ठेवल्याच होत्या, त्या आठ मांडल्या, लावल्या. साडीवर ह्यांचा ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, पायांत सुश्रुतचे गमबूट. समोरच्या घराच्या छपराला सप्तर्षी टेकले होते. (इथे ते कधी मावळतच नाहीत, दादा. हे मी नागपुरात फळ्यावर शिकवलं, डोळ्यांनी बघितलं ते इथे.) किडनीचा श्वास असा असतो, की वाकून गुडघे कवटाळायचे, ओठांचा चंबू करून गरम चहावर फुंकर घातल्यासारखी हवा सोडायची आणि मग दोन्ही हातांनी कंबर खसाखसा चोळायची. शेजारच्या कॉलिननं हे कुंपणावरून पाहिलं. माणूस चांगला आहे हो, पण मला एक हाक मारायची सोडून त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. ती निळे दिवे फिरवत आली आणि तिच्या मागोमाग साहेबांची गाडी.

ॲम्ब्युलन्समधल्या मुलानं विचारलं, पंतप्रधान कोण? मी म्हटलं, इथले की आमचे? दोन्ही सांगितले. मग विचारलं, जन्मतारीख? मी म्हटलं, शाळेतली की खरी? तिथेच घात झाला आणि तो तुमच्यामुळे झाला. अण्णा फिरतीवर, म्हणून शाळेत माझं नाव घालायला तुम्ही नेलंत. मास्तरांनी तारीख विचारली आणि तुम्ही दिलंत ठोकून, एक जून. का, तर तुमचीही शाळेत एक जूनच होती, लक्षात ठेवायला सोपी! हे सगळं मी त्या मुलाला नीट समजावून सांगितलं. खरी तारीख दिवाळीच्या आसपासची, हेही सांगितलं. साल विचारलं तेव्हा म्हटलं, त्यात दोन मतं आहेत. त्यानं कागदावर ‘कन्फ्यूज्ड’ लिहिलं. (बाई आहे मी, उलटं अक्षरही वाचते.) साहेब वाइनची बाटली धरून उभे. त्यांनी मायेनं विचारलं, तुम्ही करत काय होतात? मी म्हटलं, हिवाळा हा किडन्यांचा ऋतू, त्यांना ऊब द्यावी लागते, तुम्ही आणि सुश्रुत दिवसभर त्याच धंद्यात, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? साहेब हसले. त्यांच्या बायकोनं वर्गाचा पत्ता मागून घेतला. सुश्रुतचं तोंड मात्र करपलेल्या वांग्यासारखं झालं होतं.

हॉस्पिटलात नेऊन सगळं तपासलं, काही निघालं नाही. तरी फेब्रुवारीत माझ्या स्मरणशक्तीची परीक्षा ठेवली आहे आणि सुश्रुत म्हणतो, ‘आई, तू इथे एकटी पडतेस, नागपूरला बरी राहशील.’ एकटी मी आता नाही, दादा. एकटी होते ती त्या वर्गाच्या आधी, आणि तेव्हा कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. याचा मला फार राग आला आहे. वसंत ऋतू लिव्हरचा आणि लिव्हर म्हणजे राग, असं हिलरी सांगते, त्यामुळे मार्चमध्ये मला इथे भरपूर काम आहे. परीक्षा मी देईन आणि पासही होईन.

तुमची धाकटी बहीण,
मधू (श्रीमती वगैरे काही नाही)

ता. क. सुश्रुतनं तिकीट अजून काढलेलं नाही, तुमच्या शब्दासाठी थांबलाय. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. फोनवर ‘राहू दे तिला’ एवढंच म्हणा.

आणखी एक. वर मी तोऱ्यात लिहिलं खरं, पण माझं जन्मसाल मलाही ठाऊक नाही. वर्गात ज्याला त्याला आपापला तारा मिळालाय, मी आपली सगळ्यांपाशी थोडी थोडी थांबते. मी झाले तेव्हा तुम्ही चांगले आठ-नऊ वर्षांचे होतात, तुम्हाला आठवत असेल. आता तुमच्याशिवाय सांगणारं कोणी राहिलेलं नाही. जरा डोळे मिटून बसा आणि आठवून बघा. (छातीला तेल लावून बसा.) आणि नाहीच आठवलं, तर पुन्हा काहीतरी ठोकून देऊ नका. आठवी पणती आहेच, ती मी माझी धरीन.